पहिलं टँक किट घ्यायचंय, डायरेक्ट टायगरच घेऊ का?

अमळनेरकर:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज विचारूनच टाकतो. मला प्लॅस्टिकचा स्केल मॉडेल टँक बनवायचाय, याआधी असलं काही केलेलं नाही, कटर कोणता धरतात ते पण माहीत नाही. मोबाईलवर टँकचा गेम खेळता खेळता दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टायगरचं वेड लागलं आणि आता तो टेबलावर पाहिजेच असं झालंय. बजेट तीन हजार, ताणून साडेतीन, आणि त्यात गोंद, कटर, रंग सगळं आलं पाहिजे कारण घरात तेवढाच आकडा सांगितलाय.

अमळनेरला काय जळगावला पण असलं दुकान मला तरी सापडलं नाही, सगळं ऑनलाईनच मागवावं लागेल, म्हणजे हातात घेऊन बघायचा प्रश्नच नाही. १/३५, १/४८, १/७२ हे काय प्रकरण आहे, कोणती कंपनी घ्यावी, आणि एका व्हिडिओत टायगरचं एक किट बघितलं ज्यात आतलं इंजिन, सीटा, तोफगोळे सगळं दिसतं, ते भारी वाटलं, ते घेऊ का? आणि आत्ता एप्रिल आहे, आमच्याकडे आत्ताच ४३ ला टेकलंय, अशा उन्हात हे काम होतं का की पावसाळ्यापर्यंत थांबू?

भुसावळ_लोको:

अमळनेरकर भाऊ, ते आतलं सगळं दाखवणारं किट आत्ता विसरून जा. त्याला फुल इंटिरिअर म्हणतात, पार्ट हजाराच्या पुढे जातात, आणि शेवटी वरचं झाकण चिकटवलं की आतलं निम्मं कोणालाच दिसत नाही. तुमच्या बजेटमध्ये तर ते येणारच नाही, तेवढं बरंय.

आता मुद्द्याचं. नवीन माणूस डब्यावरचं चित्र बघून किट घेतो. बघायला पाहिजे ती चाकं. टँकमध्ये वेळ कुठे जातो माहितीय का, तोफेत नाही, टरेटमध्ये म्हणजे वरच्या फिरत्या डोक्यात नाही, चाकं आणि ट्रॅक यांच्यात जातो. सुरुवातीच्या टायगरला एका बाजूला आठ अॅक्सल आणि प्रत्येक अॅक्सलवर तीन चाकं, म्हणजे एका बाजूला २४ आणि दोन्ही मिळून ४८, ती पण एकमेकात घुसलेली. प्रत्येक चाक फ्रेममधून, म्हणजे सगळे पार्ट ज्या प्लॅस्टिकच्या जाळीला जोडलेले येतात तिच्यातून, कापायचं, कापल्याचा जो बारका दाणा राहतो तो घासायचा, मग कडेची रबराची रिम काळपट रंगवायची, आणि आतली रांग बसवून रंगवल्याशिवाय बाहेरची बसवता येत नाही. काही किटमध्ये दोन दोन चाकं एकत्र ओतलेली असतात, तरी काम फार कमी होत नाही. आता हेच टी-३४ किंवा टी-५५ हे रशियन टँक घ्या. एका बाजूला पाचच मोठी चाकं, जोडीची धरली तरी दहा, दोन्ही बाजू मिळून वीस, आणि बॉडी म्हणजे सरळ उतरते पत्रे. पहिल्यांदा बनवणाऱ्याचा टी-३४ पूर्ण होतो, टायगर बऱ्याचदा चाकांपाशीच डब्यात परत जातो. अमेरिकन शर्मन मधे कुठेतरी येतो, चाकं सहाच पण त्या तीन बोगी, म्हणजे दोन दोन चाकं धरणारे सांगाडे, प्रत्येकी पाच सहा तुकड्यांच्या असतात आणि तिरकी चिकटली की टँक एका पायावर लंगडतो.

दुसरं बघायचं ते ट्रॅक. एक प्रकार मऊ रबरासारखा अखंड पट्टा, दोन टोकं जोडली की झालं. दुसरा लिंक अँड लेंग्थ, म्हणजे वरचा आणि खालचा सरळ भाग अखंड आणि वळणावरच्या कड्या सुट्या. तिसरा एक एक कडी सुटी, एका बाजूला ऐंशी नव्वद कड्या, ते आत्ता नाही. पहिल्या किटला पहिला नाहीतर दुसरा. ऑनलाईन घेताना डिस्क्रिप्शनमध्ये हे लिहिलेलं नसतं, म्हणून किटचा नंबर टाकून फ्रेमचे फोटो शोधा, परदेशातल्या लोकांनी डबा उघडून सगळ्या फ्रेमचे फोटो टाकलेले असतात, पाच मिनिटात कळतं आत काय आहे.

स्केलचं सोपं आहे. खरा टायगर तोफेसकट साधारण साडेआठ मीटर. १/३५ मध्ये तो २४ सेंटीमीटर होतो, १/४८ मध्ये साडेसतरा, १/७२ मध्ये बारा पण भरत नाही. टँकवाल्यांचं मेन स्केल ३५, सगळ्यात जास्त माल त्यातच मिळतो. हा ३५ आकडा पण गंमतच आहे, साठच्या दशकात टामिया या जपानी कंपनीने पँथर या जर्मन टँकचं किट काढलं तेव्हा त्यात मोटर आणि बॅटऱ्या बसवून ते चालवायचं होतं, बॅटऱ्या आत मावतील एवढा आकार ठेवला आणि तो १/३५ च्या आसपास भरला, मग सगळं जग त्याच्या मागे गेलं.

कंपनी म्हणाल तर पहिल्या वेळी डोळे झाकून टामिया. महाग वाटेल पण पार्ट एकमेकात बसतात, सूचना चित्रात असतात, आणि चुकीचा पार्ट लावायला जरा प्रयत्नच करावे लागतात. कोरियाची अॅकॅडमी पण बरी आणि जरा स्वस्त. ड्रॅगन, राय फील्ड, एएफव्ही क्लब यांची किटं सुंदर असतात पण ती दुसऱ्या तिसऱ्या वर्षाला.

रावेर_केळीबाग:

भो, तुले जो आवडस तोच ले. बाकी समदं नंतर देखू.

लोको भाऊचं गणित बरोबर आहे पण माणूस गणितावर छंद करत नाही ना. याला टायगर पाहिजे आणि तुम्ही याच्या हातात टी-३४ देऊ राह्यले. मन नाही लागलं तर वीस चाकं पण जड जातात आणि मन लागलं तर ४८ पण होतात. एका रात्री चार चाकं घासायची, टीव्ही बघत बघत होतात. फक्त टायगर घ्यायचा तर सुरुवातीच्या मॉडेलचा घे, ज्यावर ती झिमरिट नाही. झिमरिट म्हणजे चुंबकी सुरुंग चिकटू नये म्हणून जर्मन लोक १९४३ च्या उत्तरार्धापासून टँकवर लेप द्यायचे, त्याच्या रेघा रेघा दिसतात, किटमध्ये ती पुट्टीने स्वतः करावी लागते नाहीतर वेगळी शीट घ्यावी लागते. सुरुवातीच्या टायगरला ती भानगड नाही आणि रंग पण एकच, करडा नाहीतर पिवळट. तीन रंगांचा कॅमोफ्लाज घेऊ नको, एवढं माझं ऐक.

भुसावळ_लोको:

रावेर भाऊ, टायगरला नाही म्हणत नाहीये, पहिला नको म्हणतोय. साडेतीन हजारात १/३५ चा टामिया टायगर घेतला तर रंग गोंदाला काय उरणार ते सांगा. त्यापेक्षा मधला रस्ता आहे, टायगरच पाहिजे तर १/४८ चा घ्या. टामियाची ४८ ची सिरीज नवीन माणसाला फारच सोयीची आहे, पार्ट कमी, ट्रॅक लिंक अँड लेंग्थ, आणि तयार झाल्यावर टीव्हीच्या बाजूला मावतो. फक्त एक लक्षात ठेवा, त्या सिरीजच्या सुरुवातीच्या बऱ्याच किटमध्ये खालची बॉडी धातूची आहे, तिला प्लॅस्टिकचा गोंद लागत नाही, तिथे फेविक्विक टाईपचा इन्स्टंट गोंदच लागतो.

धुळे_देवपूर:

किट कोणतंही घ्या, मी उन्हाबद्दल बोलतो कारण पुण्या मुंबईचे व्हिडिओ बघून आपल्याकडचे लोक इथेच मार खातात.

आधी गोंद. प्लॅस्टिक मॉडेलचा गोंद म्हणजे चिकटवणारा नाही, वितळवणारा. या गोंदालाच सिमेंट म्हणतात, पातळ सिमेंट ब्रशने सांध्यावर टेकवलं की ते स्वतःच फटीत पळतं, दोन्हीकडचं प्लॅस्टिक मऊ करतं आणि सुकल्यावर दोन तुकड्यांचा एकच होतो. फेविकॉल या प्लॅस्टिकला धरतच नाही. इन्स्टंट गोंद धरतो पण ठिसूळ, आणि आजूबाजूला पांढरी वाफ बसते, ती काचेच्या पार्टवर बसली की गेलं. आता ४४ डिग्रीत पातळ सिमेंट लावलं तर पार्ट टेकवायच्या आधी उडून जातं. म्हणून उन्हाळ्यात आधी दोन तुकडे कोरडेच जुळवून हाताने धरायचे आणि मग सांध्याला ब्रश टेकवायचा. लावून मग जोडू म्हणाल तर नाही जमत. बाटली वापरली की लगेच झाकण, निम्मी बाटली हवेत जाते इथे. ज्वलनशील असतं, गॅसजवळ नको, आणि पार्सल विमानाने येत नाही त्यामुळे किट आलं आणि गोंद आठवड्याने आला असं होतं, दोन्ही एकदम मागवून ठेवा.

रंगाचं त्याहून वाईट. दुपारी गच्चीवर स्प्रे कॅन मारला तर रंग टँकपर्यंत पोचेपर्यंत हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग रव्यासारखा खरखरीत होतो. सकाळी सहा साडेसहाला मारायचा, तोंडाला मास्क, कॅन सावलीत, आणि लांबून नाही, वीतभर अंतरावरून हात चालता ठेवून पातळ पातळ. ब्रशने अॅक्रिलिक करणार असाल तर पॅलेटवर रंग दोन मिनिटात साय धरतो. एका चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग काढायचा, मग तासभर ओला राहतो. पाणी नको जास्त, त्याच कंपनीचं थिनर आणि असेल तर दोन थेंब रिटार्डर, म्हणजे रंग हळू सुकवणारं द्रव.

कूलरसमोर बसायचं नाही. वाऱ्याने बारके पार्ट उडतात ते वेगळंच, त्याची ओल आणि धूळ ओल्या रंगावर बसते. पंखा मंद, खिडकी उघडी. आणि मे महिन्यात किट गाडीच्या काचेमागे ठेवून लग्नाला जाऊ नका, तोफेची नळी केळीसारखी वाकते, रावेरवाल्यांनी माफ करावं.

पावसाळ्याची वाट बघायची काही गरज नाही. पावसाळ्यात उलट व्हार्निश मारताना दमट हवेने पांढुरकं पडतं. आपल्याकडे असा महिना नाहीच ज्यात सगळं बरोबर असतं, दिवाळीनंतर थोडं जमतं.

नंदुरबारची_ताई:

दादा, मी जरा वेगळं सांगते. तीन हजारात सगळं बसवायचं असेल तर आधी सामानाची यादी करा आणि उरलेल्या पैशात किट बसवा, उलटं करू नका. लागतं काय? एक साईड कटर, हा चांगला घ्या, इलेक्ट्रिकवाल्याचा वायर कापायचा चालत नाही कारण तो पार्टचा टवका काढतो. एक ब्लेडवाली सुरी. पॉलिश पेपर ४०० आणि ८०० नंबरचे, हार्डवेअरमध्ये दहा वीस रुपयाला मिळतात. नखं घासायची फोमची पट्टी, ती बांगड्यांच्या दुकानात. एक चिमटा. सिमेंट. दोन ब्रश, एक चपटा एक बारीक. रंग तीनच, बॉडीचा एक, रबराचा काळपट करडा, लोखंडाचा एक. डब्यावर रंगांची लांबलचक यादी असते ती बघून घाबरू नका.

एवढं घेतल्यावर उरलेल्यात १/४८ नाहीतर १/७२ येतं. १/७२ मध्ये रशियाच्या झ्वेज्दाची गोंदाशिवाय दाबून बसणारी किटं होती, शिकायला चांगली, आता मिळतात का ते बघावं लागेल. रेवेलचे ७२ चे टँक पण छान पण पार्ट बारके, चष्मा असेल तर विचार करा. मला स्वतःला ७२ आवडतं कारण दोन शनिवार रविवारात संपतं आणि पुढचं सुरू करता येतं.

किट आलं की फ्रेम कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुवून सुकवा, साच्यातून सुटायला लावलेला तेलकट थर राहिलेला असतो, त्यावर रंग टिकत नाही. आणि पार्ट सगळे आधीच कापून वाटीत भरून ठेवू नका हो, नंबर फ्रेमवर असतात, पार्टवर नाही.

चिखलासाठी पावडर विकत घ्यायची गरज नाही. शेतातली काळी माती उन्हात कडक वाळवा, कुटा, आणि जुन्या ओढणीतून दोनदा गाळा. जी पिठासारखी खाली पडते ती घ्या, वरची टाका, कारण १/३५ मध्ये वाळूचा एक कण म्हणजे लिंबाएवढा दगड दिसतो. ती माती थिनरमध्ये कालवून चाकांच्या मधे आणि खालच्या बाजूला ब्रशने टेकवायची, सुकली की बोटाने पुसायची. तापीकाठची माती सुकल्यावर जशी करडी होते तशीच टँकवर पण होते, एकदम खरी दिसते. फक्त टायगर वाळवंटातला केला तर ही माती नका लावू.

चाळीसगाव_१९७१:

सगळे जर्मनच्या मागे का लागलेत कळत नाही. अमळनेरकर भाऊ, आपल्या फौजेने वापरलेला एखादा करा ना, तो बघायला नगरला जाता येतं. तिथे कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, १९९४ ला सुरू झालं, सेंच्युरियन, विजयंता, पाकिस्तानकडून पकडलेला पॅटन, सगळे उघड्यावर उभे आहेत, हात लावून बघता येतात. फोटो बघून मॉडेल करणं आणि स्वतः वेल्डिंगची रेघ बोटाने चाचपून येऊन करणं यात फरक पडतो. ओतीव टरेटचा पत्रा गुळगुळीत नसतो, खडबडीत असतो, हे फोटोत कळतच नाही. किटच्या टरेटवर सिमेंट पातळ लावून जुन्या टूथब्रशने ठोकलं की अगदी तसा खडबडीतपणा येतो.

आता कोणता करायचा. १९६५ ला असल उत्तरला आपले सेंच्युरियन आणि शर्मन, समोर पॅटन. अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या रिकॉइललेस गनने पॅटन फोडले ते तिथलंच, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र. १९७१ ला बसंतरला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, पूना हॉर्स, सेंच्युरियन. मनातून मला सेंच्युरियनच सुचवावासा वाटतो, पण टामियाचा सेंच्युरियन फार जुन्या साच्याचा आहे आणि एएफव्ही क्लबचा नवीन माणसाला झेपणार नाही. विजयंता मोठ्या कंपनीच्या डब्यात मला कधी दिसला नाही. मग उरतो टी-५५, तो पण १९७१ ला आपल्याकडे होताच. टामियाचं १/३५ टी-५५ए हे किट जुळायला लोण्यासारखं आहे, आणि लोको भाऊंचा नियम पण पाळला जातो, पाचच चाकं. पहिल्या आणि दुसऱ्या चाकात जास्त अंतर असतं, ती टी-५४ आणि टी-५५ ची ओळख. रंग एकच, हिरवा. अजून काय पाहिजे.

रावेर_केळीबाग:

चाळीसगाव भाऊने टायगर पारच गायब केला की.

अमळनेरकर:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. ताईंची यादी करून बघितली, सामानाचेच हजार बाराशे होऊ राह्यले. टायगर मनातून जात नाहीये, पण लोको भाऊंनी ४८ चाकं सांगितल्यापासून जरा धसका बसलाय, आणि नगरला आमचे साडू असतात त्यामुळे म्युझियमचं डोक्यात बसलंय. टी-५५ चं किट एका ठिकाणी बजेटच्या पाचशे वर दिसतंय, एवढं घरात सांभाळून घेईन. दोन शंका आहेत. आपल्या फौजेचे नंबर, खुणा किटमध्ये नसतील तर प्रिंटरवर काढता येतात का? आणि टी-५५ चे ट्रॅक फोटोत चाकांवर झोपल्यासारखे दिसतात, रबरी पट्टा तसा कसा झोपवायचा?

चाळीसगाव_१९७१:

नंबर पांढरे असतात आणि घरचा प्रिंटर पांढरी शाई मारतच नाही, त्यामुळे डेकल पेपर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांचा कागद) आणून उपयोग नाही. दोन रस्ते. पांढरी रब ऑन अक्षरं ऑनलाईन मिळतात, ती घासून उतरवायची. नाहीतर ०० नंबरचा ब्रश घेऊन हाताने. फौजेत पण बऱ्याच वेळा हातानेच रंगवलेले असायचे, थोडे वाकडे आले तर उलट बरं. मात्र नंबर मनाने टाकू नका, जुना फोटो समोर ठेवूनच टाका, आणि फोटो नाही मिळाला तर बिना नंबरचा ठेवा. धूळ चढवली की कोणी विचारत नाही.

भुसावळ_लोको:

ट्रॅकचं मी सांगतो. टी-५५ ला वरच्या बाजूला छोटे आधाराचे रोलर नसतातच, एवढ्या टनाचा ट्रॅक स्वतःच्या वजनाने चाकांवर पडून राहतो. किटमधला मऊ पट्टा हलका, तो ताणून सरळ रेषेत राहतो आणि तिथेच मॉडेल खेळण्यासारखं दिसायला लागतं.

आधी चाकं रंगवून पूर्ण सुकू द्या. हे मुद्दाम सांगतोय, मऊ ट्रॅकमधलं रसायन कधीकधी उघड्या प्लॅस्टिकला खातं, आपल्या उन्हात तर लवकर, मधे रंगाचा थर असला की वाचतं. मग पट्ट्याची टोकं जोडा. टामियाच्या नव्या किटचे पट्टे साध्या सिमेंटने धरतात, फार जुन्या किटला पेचकस गरम करून दाबावं लागायचं. जोड खालच्या बाजूला किंवा फेंडरच्या, म्हणजे ट्रॅकवरच्या पत्र्याच्या, खाली जाईल असा फिरवा. आता पट्टा चढवा आणि फेंडर आणि ट्रॅकच्या मधे स्पंजचे बारके तुकडे कोंबा म्हणजे पट्टा चाकांवर दाबला जाईल. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या चाकाच्या डोक्यावर टाचणीच्या टोकाने इन्स्टंट गोंदाचा ठिपका, जास्त नाही, आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी स्पंज काढा. दोन चाकांच्या मधे पट्टा थोडा खाली गेलेला दिसला पाहिजे, पहिल्या दुसऱ्या चाकाच्या त्या मोठ्या गॅपमध्ये सगळ्यात जास्त.

किट आलं की डबा उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, कुरिअरवाले डबा कसा आपटतात माहीतच आहे. आणि फ्रेमचे फोटो इथे टाका, कोणता पार्ट कशाचा आहे ते सगळे मिळून बघू.